उभं करून पाहणाऱ्या डॉक्टरबाई

खुलताबादच्या शाळेत म्हाताऱ्या माणसांसाठी तपासणी शिबिर होतं, तिथं त्या डॉक्टरबाई मला एकदाच भेटल्या. माझे वडील, आबा, वरचेवर पडत होते. विचारलं की "पाय घसरला" एवढंच म्हणायचे.

बाई खुर्ची सोडून आबांच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. सावकाश बोलत होत्या आणि उत्तराची वाट बघत होत्या. त्यांनी आबांचा रक्तदाब बसवून मोजला, मग उभं करून पुन्हा मोजला. तेवढा वेळ त्यांचा एक हात आबांच्या पाठीशी होता.

"काका, उठल्यावर डोळ्यापुढं अंधारी येते ना?"

"न्हाई, पाय घसरतो नुसता," आबा म्हणाले.

"माझ्या वडिलांनीही सांगितलं नव्हतं. लेकरांना घोर नको म्हणून. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आम्हाला कळलं."

आबांनी मान खाली घातली. "येती. लई दिसापासून."

उभं राहताच त्यांचा रक्तदाब उतरत होता. बाईंनी आबांच्या रक्तदाबाच्या चालू गोळ्या बदलल्या, उठण्याआधी थोडं बसून राहायला सांगितलं. त्यानंतर आबा पडले नाहीत. बाईंचं नाव विचारायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं.

परवा बाजेवरून उठताना आबा म्हणाले, "थांब जरा, आधार दे."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं काही मागितलं होतं.