दाराशी बसलेली सिस्टर

बोलपट नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरचा भुताचा सिनेमा लागला. कोणी बेशुद्ध पडलंच तर हाताशी असावी, म्हणून थिएटरवाल्यांनी एक निवृत्त नर्स दाराशी बसवली. तीन आठवडे कोणाला साधी घेरीसुद्धा आली नाही. पडद्यावर मेलेला नवरा दार वाजवायचा, बायको किंचाळायची, प्रेक्षक एकमेकांना बिलगायचे. ही मात्र दर खेळाला डोळे पुसायची.

"सिस्टर, तुम्हीच घाबरलात की काय?" डोअरकीपरने थट्टेने विचारलं.

"घाबरू कशाला? आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. ते असे आले असते, तर मी धावत जाऊन दार उघडलं असतं."

डोअरकीपर ओशाळला. पुढच्या खेळाला तो आपलं स्टूल घेऊन तिच्याशेजारी बसला.