मीनियल म्हणजे काय

"व्हॉट डझ युवर मदर डू?" अख्ख्या वर्गासमोर वैभवनं मला विचारलं.

महागावच्या ज्युनिअर कॉलेजात मी अकरावीला होते. इंग्रजीचे सर रोज एक अवघड शब्द फळ्यावर लिहायचे आणि दोघादोघांना उभं करून त्या शब्दावर बोलायला लावायचे. त्या दिवशीचा शब्द होता मीनियल. अर्थ सांगितला नाही. बोलता बोलता कळेल, म्हणाले. वैभवच्या शेतात माझी माय कापूस वेचायला जायची. सरांना ते ठाऊक होतं. जोडी त्यांनीच लावली.

सरांनी वाक्य दिलं, "माय मदर डझ मीनियल वर्क. म्हण."

मी म्हटलं.

"मोठ्यानं."

मोठ्यानं म्हटलं. खणखणीत. पुढच्या बाकावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. वाटलं, उच्चार चुकला. पण सर म्हणाले, "व्हेरी गुड." आणि मी खूश. फुलसावंगीच्या एसटीत तेच वाक्य घोळवत घरी आले.

मायला म्हणून दाखवलं. ती भाकरी थापत होती.

"म्हंजे काय वं?"

डिक्शनरी काढली. हलक्या प्रतीचं काम. घरगड्याचं. वाचताना जीभ अडली. खोटं सांगता आलं असतं. खरंच सांगितलं.

"हलकं?" माय म्हणाली. "सांजच्याले माहं कापसाचं गाठोडं उचलून पाह्य म्हना त्या मास्तरले."

तव्यावरची भाकरी करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

तिचा अपमान करायला सरांनी माझंच तोंड वापरलं होतं. आणि मी शाबासकी घेऊन आले होते. ते अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी उजळणी. पुन्हा आम्हीच उभे. तोच प्रश्न.

"शी पिक्स कॉटन," मी म्हटलं.

"शब्द वापर," सर म्हणाले.

"नाही सर."

"काहून? काल तर येत होता."

"काल अर्थ मालूम नव्हता. माह्या मायसाठी हा शब्द नाही वापरनार मी."

सरांनी दाराकडे बोट केलं.

"तुम्हा लोकांना शिकवायला गेलं की हेच. बाहेर हो."

"नाही जानार. माहं नावबी हजेरीत हाये. मी शिकाले आली."

सर फळ्याकडे वळले. वर्षभर त्यांनी मला एकदाही बोलायला उभं केलं नाही. तोंडी परीक्षेत काठावर पास केलं. वैभवच्या घरून मायला निरोप आला, उद्यापासून येऊ नको. माय दुसऱ्या शेतात गेली. मला एका शब्दानं बोलली नाही.

आज मी यवतमाळला बी.ए. करते. विषय इंग्रजीच. लोक म्हणतात, शिक्षिका झालीस तर शहरातली शाळा बघ. मी नाही बघणार. त्याच तालुक्यात, तसल्याच वर्गात उभी राहीन. अवघडातले अवघड शब्द शिकवीन, पोरींना बोलतं करीन. पण आपल्याच मायबापाला खाली पाडणारं वाक्य एकीच्याही तोंडून वदवू देणार नाही.

सर अजून तिथंच शिकवतात. म्हणूनच मला तिथं जायचं आहे.