साहेबांच्या फायलीतली माझी मेल

माझी नोकरी वाचवली ती आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्या अण्णांनी. आलेली-गेलेली प्रत्येक मेल छापून, दोन भोकं पाडून ते साहेबांच्या फायलीत लावत. आठवी सोडून खंडाळ्याहून मिरजेला आलेल्या मला वाटायचं, बटण दाबलं की मजकूर गेला, मागं काही उरत नाही. म्हणून अण्णा जेवायला गेल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवरून पुण्याच्या ऑफिसातल्या गाववाल्याला मी लिहिलं, ‘साहेब लय खडूस हाय.’

छापलेला कागद धरून अण्णा म्हणाले, “शाना हायस रं! आता साहेबच वाचत्याल.”

“आवं, फाडा की!”

“फायलीतलं मी फाडत न्हाई, गड्या.”

त्यांनी कागद लावला आणि फाईल घेऊन साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाले, “साहेब, मशीन मी चालू ठेवून गेलो. बोलायचं ते मला बोला.”

साहेब त्यांनाच बोलले. मी दाराआड घाम पुसत उभा.

एक दिवस अण्णांची चूक मी अंगावर घेणार, हे नक्की. फक्त त्यांनी ती करायला हवी.