कढीपत्त्याची उजवी बाजू

परळच्या आमच्या चाळीत फुलपाखरांना स्वतःची ओळख नसते. ती त्यांना माझ्या बायकोचे मामा देतात. तळमजल्यावर राहणारे हे निवृत्त गृहस्थ गंजीफ्रॉकात, हातात भिंग घेऊन चाळीमागच्या अंगणात उभे राहतात आणि समोरून जे उडेल त्याचं नाव वहीत उतरवतात. एकदा भिंतीला चिकटलेल्या एका दुर्मीळ जातीचं त्यांनी अर्धा तास निरीक्षण केलं. वारा आला आणि तो चॉकलेटचा कागद उडून गेला. "जात लाजाळू आहे," मामा म्हणाले. कुकरच्या आवाजाने फुलपाखरं बिचकतात म्हणून पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना त्यांनी शिट्टी हळू वाजवायला सांगितलं. "तुम्हीच या ना मामा, तोंडाने वाजवा!" असं उत्तर मिळालं.

अशा या चाळीला एक तरी ओळख पटवून दाखवायची, हा मामांचा ध्यास. तीन वर्षांपूर्वी संधी आली. अंगणातल्या सामाईक कढीपत्त्यावर, उजवीकडे, एका अळीने कोश केला. आतून लिंबाळी फुलपाखरू निघणार की बहुरूपी? मामांनी सगळ्यांदेखत 'बहुरूपी' जाहीर केलं आणि झाडाला पाटी लावली: 'फोडणीसाठी पाने डावीकडूनच तोडावीत.' दोन दिवसांत डावी बाजू टकली झाली.

आता सांगतोच. रविवार होता, पोहे करायचे होते, मी उजवीकडची डहाळी तोडली. ओट्यापाशी पानं ओरबाडताना बोटाला काहीतरी मऊ लागलं. पाहतो तर हिरवा कोश, चिरडलेला. कागदात गुंडाळून टाकला आणि फोडणी केली, कारण तेल तापलं होतं.

दहा मिनिटांत मामा वर आले. "जावईबापू, कोश गेला. बुलबुलाने नेला असणार." मी पोह्यांची बशी पुढे केली. ते मान खाली घालून खात राहिले. "त्यालाही पोट आहेच की," म्हणाले. मग जरा वेळाने, "कढीपत्ता मस्त लागलाय हो."

चाळ मात्र आजही विचारते, "काय मामा, निघालं का बहुरूपी?" वहीत त्या पानावर 'ओळख पटली नाही' एवढंच आहे. तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्या शेजारी उभा राहतो. बायकोला वाटतं, मला निसर्गाची गोडी लागली.

परवा एक काळं फुलपाखरू कढीपत्त्याभोवती घिरट्या घालत होतं. मामांना हल्ली नीट दिसत नाही. "तुम्हीच बघून सांगा, जावईबापू. तुम्ही खोटं नाही सांगणार."

"मामा, तो कोश..."

"शू!" त्यांनी माझा दंड धरला. "आधी बसू दे त्याला."

ते बसलं. पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. बहुरूपीच होतं. तेवढं मी सांगितलं; दुसरं राहूनच गेलं. मामांनी बराच वेळ माझा दंड सोडला नाही.