ब्रेक लिहिला म्हणून शून्य

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नाव घातलं. धारवाडच्या शाळेत मी गणित शिकवायचे. शाळा सुटली की बस धरून हुबळीला यायचे. वर्गातली कॉलेजची पोरं मला अक्का म्हणत. सर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तेही अक्काच म्हणायचे.

एकदा त्यांनी फळ्यावर प्रोग्राम लिहून दिला. पन्नास हजेरी क्रमांकांची यादी. आपण एक क्रमांक द्यायचा. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी तीच सूचना, एकेक क्रमांक तपासत जाणार, जुळला तर उत्तर 'आहे', नाहीतर 'नाही', आणि यादी संपली की ते उत्तर पडद्यावर.

मी यादीतलाच सातवा क्रमांक दिला. पडद्यावर आलं, 'नाही'.

फळ्याकडे बघत बसले तेव्हा कळलं. सातव्याला उत्तर 'आहे' झालं होतं, पण लूप तिथं थांबलाच नाही. आठवा जुळला नाही, म्हणून त्यानं ते पुसून 'नाही' केलं. मी 'आहे'च्या खाली एक शब्द टाकला: ब्रेक. सापडलं, आता बाहेर पड. उत्तर बरोबर आलं.

सरांनी तो शब्द पुसून टाकला. "अक्का, ब्रेक आपल्या सिलॅबसमध्ये नाही. लूप पूर्ण फिरला पाहिजे."

"मग उत्तर का चुकतंय?"

"तुम्ही टाईप करताना चुकला असाल."

"मग तुम्हीच करा."

त्यांनी केलं. 'नाही'च आलं. मागून कुणीतरी हसलं, तसे सरांचे कान लाल झाले. "परीक्षेत ब्रेक लिहिलात तर शून्य देईन."

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मी ब्रेक लिहिला, जरा मोठ्याच अक्षरात. शून्य मिळालं.

क्लासच्या मालकांनी बोलावून घेतलं. "बिडरी अक्का, सरांना सॉरी म्हणून टाका. फेरपरीक्षा घेऊ."

"चुकले असते तर म्हटलं असतं. माझा पेपर मशीनवर चालवून बघा."

चालवला नाही. सर्टिफिकेटवर पहिल्या वर्गाऐवजी दुसरा आला. नवरा म्हणाला, "एवढ्याशा पोराशी कशाला वाद?"

"पोर आहे म्हणूनच. अजून तीस वर्षं शिकवणार आहे तो!"

पुढच्या बॅचला आमच्या शेजारची मुलगी गेली. तिच्या वहीत तोच प्रोग्राम, तसाच. मी लाल पेन उघडलं आणि ब्रेक लिहिला.

"सर रागावतील की!" ती म्हणाली.

"रागावू देत. अक्कानं लिहिलाय म्हणून सांग."