झडती घेणारी बाई

पापडी गावातल्या पेनांच्या कारखान्यात मी झडतीला होते. चौथी शिकलेली, म्हणून पॅकिंगला घेतील असं वाटलं होतं. पण सुटताना बायकांची झडती घ्यायला बाईच लागते, म्हणून मला फाटकावर उभं केलं. पेनाच्या पितळी टिपा एवढ्याशा, मूठभर नेल्या तरी कळत नसत. परक्या बाईच्या अंगाला हात लावायची मला लाज वाटे. खाली बघून कमरेवरून नुसता हात फिरवायची. बायका म्हणायच्या, "अगो, झडती घेतेस की गुदगुल्या करतेस?" त्यांच्या पदराला शाईचा आणि सोनचाफ्याचा वास यायचा. तो वास अजूनही कुठे आला की मी थांबते.

मग शेठनी पॅकिंगच्या खोलीत कॅमेरा बसवला आणि त्याचा टीव्ही फाटकावरच्या खोलीत. आमच्या जूचंद्र गावात तेव्हा टीव्ही दोन-तीन घरांतच होता. पहिले चार दिवस बायका निमित्त काढून डोकवायच्या, "टीव्हीत आज कोण आलंय बघू." वॉचमन फौजेतून आलेले, साताऱ्याकडचे. ते खुर्ची पुढे ओढून दिवसभर बघत बसत.

एका दुपारी त्यांनी शेठना बोलावलं. म्हणाले, पॅकिंगमधली मावशी रोज बाराला पोलक्यातून काहीतरी काढते, तोंडाला लावते आणि परत आत ठेवते. मावशी ख्रिस्ती, लाल लुगडं नेसणारी. बाराला चर्चची घंटा झाली की ती काम टाकून उभी राहायची, एवढं मला माहीत होतं. वॉचमनना त्या घंटेचं कोण सांगणार?

मावशीला फाटकावर आणलं. शेठ म्हणाले, "काढून दाखव. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"बाप्यांसमोर पोलक्यात हात घालू? नाही दाखवणार."

मी तिला आडोशाला नेलं. तिने स्वतःच काढलं. काळ्या दोऱ्यात मरियामातेचं छोटं पदक, मुके घेऊन घेऊन झिजलेलं.

बाहेर येऊन मी म्हटलं, "कारखान्याचं काही नाही."

"मग आहे काय?" वॉचमननी विचारलं.

शेठसमोर मी तोंड वर करून कधी बोलले नव्हते. म्हटलं, "देवाचं आहे. घंटेला तिची प्रार्थना असते. मी बघितलंय. माझ्यावर विश्वास नसेल तर मलाही काढा."

शेठनी टीव्हीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "जा, कामाला लागा."

संध्याकाळी मावशी रांगेत सगळ्यांच्या पुढे, हात पसरून उभी. मी नेहमीसारखा हात फिरवला.

"असं नको," ती हळूच म्हणाली, "नीट घे. सगळ्या बघतायत. उद्या म्हणतील, तू मला सोडलंस."

मग मी अंबाडा बघितला, डबा उघडला, कासोटा चाचपला, चपला झटकायला लावल्या. मावशीने पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "झालं ना? घे आता दुसरीची."