अण्णांच्या दाढीआधी

मिथुन तावडे हा भित्रा माणूस होता आणि त्याला त्याची अजिबात लाज नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस भित्राच असावा, असं तो म्हणे. कांदिवली ते दहिसरच्या कितीतरी सोसायट्यांच्या लिफ्टा त्याच्याकडे होत्या. काम संपलं की आधी तो एकटाच वर-खाली फेऱ्या मारी, दर मजल्यावर कान देऊन उभा राही, आणि मगच वॉचमनला म्हणे, "सोड आता लोकांना." आधी आपण, मग लोक. जन्मभर त्याने एवढं एकच शास्त्र पाळलं, आणि त्या रविवारी त्याच शास्त्राने त्याची वाट लावली.

त्याचे वडील सहदेव, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत, अंधेरीच्या एका हॉस्पिटलात होते. सोमवारी सकाळी बायपास ठरली होती. मुंबईतली मिल बंद पडल्यावर अण्णा कणकवलीजवळच्या आपल्या गावी परत गेले होते, आणि छातीत दुखायला लागलं तरी ऑपरेशनला काही केल्या तयार होत नव्हते. शेवटी गावच्या देवळात कौल लावला. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे होकार. "देव जा म्हणता," असं म्हणून ते गाडीत बसले. डॉक्टरांचे रिपोर्ट, मिथुनच्या विनवण्या, सुनेचं रडणं हे सगळं एका बाजूला आणि ती पाकळी एका बाजूला.

पण पाकळीवर आलेला माणूस पालीवर परतही जाऊ शकतो. मागे एकदा निघताना पाल चुकचुकली म्हणून अण्णांनी उंबऱ्यातून बॅग माघारी नेली होती आणि सख्ख्या पुतण्याचं लग्न बुडवलं होतं. त्यामुळे ते मुंबईत आल्यापासून मिथुनच्या जिवाला थारा नव्हता. कोणी शिंकलं तरी तो दचकायचा.

शनिवारी वॉर्डातला माणूस मशीन घेऊन अण्णांची दाढी काढायला आला. अण्णांनी त्याला हात लावू दिला नाही. "माझी दाढी माझो झील करतलो," ते म्हणाले. झील म्हणजे मुलगा, म्हणजे मिथुन. आणि दाढी म्हणजे ब्रश, साबण आणि खरं पातं. मशीनबिशीनचं काम त्यांना चालणार नव्हतं. त्यांचं स्वतःचं सामान गावी राहिलेलं. सिस्टरने कपाळाला आठ्या घातल्या, पण परवानगी दिली. "जपून करा हां. रक्त पातळ करायच्या गोळ्या आत्ताच बंद केल्यात. कापलं तर सोमवारचं ऑपरेशन पुढे जाईल."

पुढे जाईल म्हणजे काय, हे मिथुनला बरोबर कळलं. एकदा पुढे गेलं की अण्णा थेट गावीच जाणार होते.

त्याने मोबाइलवरून त्यातल्या त्यात स्वस्त दाढीचा सेट मागवला. रविवारी सकाळी डबा घरी आला: नायलॉनच्या केसांचा ब्रश, स्टीलची वाटी, साबणाची वडी, तुरटीचा खडा, जड दांड्याचा रेझर आणि निळ्या कागदात गुंडाळलेली पाती. मिथुनने आयुष्यात असं पातं चेहऱ्याला लावलं नव्हतं. कागद सोडवतानाच त्याच्या बोटाला जरा लागलं. त्या लाल टिपक्याकडे बघताना त्याला अण्णांचा गळा दिसला, सुरकुतलेला, सैल, कुठे ताणायचा तेच कळू नये असा. 

मग त्याने शास्त्राप्रमाणे केलं. आधी आपण.

ब्रश फिरवायला त्याला मजाच वाटली. फेस गालांवर चढला, हनुवटीवर चढला, नाकाखालीही चढला, आणि आरशात नुसता पांढरा गोळा उरला. सवय हलक्या प्लास्टिकच्या रेझरची. त्याला दाबावं लागतं. याला दाबायचं नसतं, वजन त्याचं त्यालाच पुरतं. एक गाल नीट झाला. जिवात जीव आला. दुसऱ्या गालावरून हात वर ओठाकडे सरकला, कर्रकन आवाज आला, आणि वाटीतल्या पाण्यात काळे केस तरंगले.

"तेजल!" तो ओरडला.

बायको धावत आली. त्याचा चेहरा बघून तिने तोंडावर हात ठेवला. उजवीकडची अर्धी मिशी गेली होती.

"अरे, हे काय केलंस तू?"

"फेसात दिसलीच नाही गं."

दोघांनाही एकच गोष्ट सुचली. त्यांच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी उतरवत नाही. मिशी उतरते ती बापाला अग्नी दिल्यावर. अण्णांनी स्वतः एकदाच उतरवली होती, त्यांचे वडील गेले तेव्हा.

"त्यांनी बघितलं तर संपलंच," मिथुन म्हणाला. "लगेच म्हणतील, बॅग भर."

"आणि अर्धी घेऊन गेलास तर काय म्हणतील? काढ उरलेली. वर मास्क लाव. हॉस्पिटलात कोण विचारतंय?"

उरलेली अर्धी काढताना मात्र त्याला खरंखुरं भय वाटलं. पहिली अर्धी चुकून गेली होती, ही तो जाणूनबुजून काढत होता. आपल्याच हाताने आपण बापाच्या नशिबात काहीतरी लिहितोय, असं त्याच्या मनात आलं. काढून झाल्यावर त्याने देवासमोर दिवा लावला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला.

दुपारी तो वॉर्डात गेला तेव्हा अण्णा उशीला टेकून बसले होते. मिथुनने गरम पाणी आणलं, गळ्याभोवती टॉवेल खोचला, ब्रश भिजवला. अण्णांच्या भरघोस पांढऱ्या मिशीला फेसाचा एक थेंबही लागू नये म्हणून तो लहान मुलाला दूध पाजावं तशा बेताने ब्रश फिरवत होता.

"तोंड कित्याक झाकलंस?" अण्णांनी विचारलं.

"इन्फेक्शन होतं अण्णा. तुम्हाला व्हायला नको."

गाल झाले. हनुवटी झाली. एक ओरखडा नाही. आता गळा. मिथुनने डाव्या हाताने कातडी ताणली आणि पातं टेकवलं. बोटाखाली एक शीर उडत होती. तो श्वाससुद्धा बेताने घेत होता. अण्णा मात्र टक लावून त्याच्या डोळ्यांकडे बघत होते, आणि अचानक त्यांनी हात वर करून मास्क खाली ओढला.

"कोण मेलो?"

पात्याखाली गळ्याची घाटी वरखाली झाली. मिथुनने रेझर झटकन दूर नेला. घरून पाठ केलेल्या साऱ्या थापा, अ‍ॅलर्जी झाली, कंपनीचा नियम आला, सगळ्या पळाल्या.

"कोणी नाही, अण्णा. कोणीच नाही. तुमच्या गळ्यावर फिरवायचं होतं ना, म्हणून आधी माझ्यावर बघितलं. फेस मिशीवर गेला. मला कळलंच नाही."

 अण्णांनी दाराकडे बघितलं, मग कॉटखालच्या आपल्या बॅगेकडे. मिथुनला वाटलं, झालं, आता म्हणतील.

"शिव्या द्या, मारा," तो म्हणाला, "पण परत जाऊ नका. मला भीती वाटतेय, अण्णा." एवढ्या वर्षांत हे त्याने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. 

अण्णांनी अंगठा त्याच्या उघड्या ओठावरून फिरवला. त्यांचा चेहरा फेसाइतकाच पांढरा पडला होता. 

"बापूस गेल्यावर काढूची ती तू आधीच काढून बसलंस," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "म्हणजे तुझा काम झाला. आता माका मरूची गरज नाय."

अण्णांनी गळ्याभोवतीचा टॉवेल पुन्हा नीट खोचला.

"आटप. पाणी निवला."

त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली आणि गळा पुढे केला. मिथुनने हात पुसला, कातडी ताणली, पातं टेकवलं. दाढी संपेपर्यंत अण्णांनी त्याच्या शर्टाचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.